हरवलेल्या ऊर्जेचा हिशेब

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

शाळेच्या पुस्तकात विज्ञानाचा इतिहास म्हणजे शोधांची यादी असते. अमुक साली अमक्याने अमुक शोधून काढले, बाजूला त्याचे चित्र आणि खाली जन्ममृत्यूची साले. जे शोधले पण सापडले नाही, त्याला त्या यादीत जागा मिळत नाही. गेल्या पन्नास वर्षांत मात्र जगातली हजारो बुद्धिमान माणसे अशाच न सापडलेल्या गोष्टींच्या मागे आयुष्य वेचत आली आहेत. त्यांत आपल्या मुंबईची, पुण्याचीही माणसे आहेत. अणूच्या पोटातल्या विलक्षण कणांचा त्यांनी घेतलेला हा शोध आज सांगायचा आहे. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण रात्रभर शोधूनही नेमका शब्द न सापडणे म्हणजे काय, ते कवीला ठाऊक असते. तेवढ्या शिदोरीवर हा विषय घेतला आहे.

आधी थोडी ओळख. अणूच्या मध्यभागी अणुगर्भ, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन, इथपर्यंत आपण शाळेत आलेलो असतो. प्रोटॉनच्या आत क्वार्क नावाचे आणखी लहान कण आहेत. तीन क्वार्क एकत्र आले की प्रोटॉनसारखा कण होतो, एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क एकत्र आले की मेसॉन होतो. ही झाली नेहमीची घरे. शास्त्रज्ञ ‘विलक्षण कण’ म्हणतात ते दोन प्रकारचे. एक, विटा ओळखीच्या पण घर वेगळे, म्हणजे चार किंवा पाच क्वार्क एकत्र नांदणारे. दुसरा प्रकार म्हणजे वीटच अनोळखी. आजवरच्या कुठल्याही यादीत नसलेला कण.

या कथेत मुंबईचे नाव फार लवकर येते. होमी भाभा यांचा जन्म 1909 सालचा, मुंबईचा. केंब्रिजला असताना, 1936 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांनी एक गणित प्रसिद्ध केले. इलेक्ट्रॉन आणि त्याचा विरुद्ध भाऊ पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर ते कोणत्या दिशेला किती प्रमाणात उडतील, याचे ते गणित होते. आज जगभर त्याला ‘भाभा विकिरण’ म्हणतात. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची टक्कर घडवणारी यंत्रे पुढे बांधली गेली, तेव्हा एकूण टकरी किती झाल्या हे मोजण्यासाठी हेच गणित माप म्हणून वापरले गेले. नवे काही सापडले की नाही हे सांगायचे, तर आधी जुने किती झाले ते नेमके ठाऊक हवे. ते माप एका मुंबईकराने दिले.

भाभांचे दुसरे काम माझ्यासारख्याला अधिक जवळचे, कारण ते शब्दाचे आहे. इलेक्ट्रॉनपेक्षा जड आणि प्रोटॉनपेक्षा हलका असा एक कण विश्वकिरणांत मिळाला होता. त्याला लोक ‘मेसोट्रॉन’ म्हणू लागले होते. 1939 साली भाभांनी ‘नेचर’ नियतकालिकात लिहिले की या नावातला ‘ट्र’ निरर्थक आहे. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन या शब्दांत तो मूळ धातूतूनच आलेला आहे, इथे धातू ‘मेसो’ म्हणजे मधला, तेव्हा ‘मेसॉन’ पुरे. जो कण डोळ्यांसमोर ठेवून ही चर्चा झाली, तो पुढे वेगळ्याच जातीचा निघाला. त्याला आज म्युऑन म्हणतात. पण भाभांनी छाटून दिलेला शब्द टिकला आणि कणांच्या एका मोठ्या कुटुंबाचे आडनाव झाला.

1945 साली भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, स्थापन केली. सुरुवात बंगळूरला झाली, त्याच वर्षी ती मुंबईत आली आणि 1962 पासून कुलाब्याच्या समुद्राकाठी तिची आजची वास्तू आहे. त्या काळात प्रचंड यंत्रे उभारण्याइतका पैसा देशाकडे नव्हता. पण आभाळातून येणारे विश्वकिरण फुकट होते. ते मोजण्यासाठी टीआयएफआरची माणसे कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरली. वरचा दोन किलोमीटरहून अधिक दगड इतर कणांना अडवतो आणि दुर्मिळ कण तेवढे खाली पोहोचतात, हा त्यामागचा विचार. 1965 साली तिथे, जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरॅम विद्यापीठांच्या साथीने, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची खूण मिळाली. जगातल्या पहिल्या नोंदींपैकी ती एक.

याच खाणीत आपल्या विषयाची खरी ठिणगी पडली. 1975 साली टीआयएफआर आणि ओसाकाच्या गटाने काही चमत्कारिक नोंदी प्रसिद्ध केल्या. खाणीची दगडी भिंत आणि उपकरण यांच्या मधल्या हवेत, जणू शून्यातून, दोन-तीन कणांच्या रेषा फुटलेल्या दिसत होत्या. एखादा जड, अनोळखी कण तिथवर येऊन हवेतच फुटला असावा, असा त्यांचा अर्थ होता. नोंदी मोजक्याच. जगात त्या ‘कोलार घटना’ म्हणून ओळखल्या गेल्या. अमेरिकेतल्या फर्मिलॅबमध्ये लगेच तपासणी झाली. तिथे तसे काही दिसले नाही. दावा मान्यही झाला नाही आणि त्या रेषांचा समाधानकारक उलगडाही झाला नाही. 2014 साली चेन्नईच्या एम. व्ही. एन. मूर्ती आणि जी. राजशेखरन यांनी त्या जुन्या नोंदी पुन्हा पुढे आणल्या आणि विचारले की हे कृष्णद्रव्याचे कण तर नव्हेत? खाण 2001 साली बंद झाली. प्रश्न मात्र उघडाच राहिला.

खाणीतल्या शोधाची अडचण अशी की तिथे वाट पाहावी लागते. एक नोंद आज, दुसरी कदाचित सहा महिन्यांनी. उलट माणसाने बांधलेल्या यंत्रात टक्कर हवी तेव्हा आणि हवी तितक्या वेळा घडवता येते. कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गोल फिरवायचे, समोरासमोर आदळवायचे आणि त्या ऊर्जेतून काय जन्माला येते ते टिपायचे. अशा यंत्राला कोलायडर म्हणतात. जड कण जन्मताक्षणीच फुटतो, त्यामुळे तो स्वतः कधीच दिसत नाही. दिसतात त्याची लेकरे. लेकरांवरून आईबापांचा अंदाज करायचा.

काही वेळा एखादे लेकरूही दिसत नाही. मग काय करायचे? तिथे उपयोगी पडतो तो जमाखर्च. दोन कण समोरासमोर येऊन धडकतात तेव्हा आडव्या दिशेने कुणाचाच वेग नसतो, तिथली जमा शून्य. मग टकरीनंतर आडव्या दिशेने उडालेल्या सगळ्यांची बेरीजही शून्यच यायला हवी. डावीकडे भरपूर ऊर्जा गेली आणि उजवीकडे काहीच नोंदले गेले नाही, तर उजवीकडून कुणीतरी न दिसता निघून गेले असे समजायचे. शास्त्रज्ञ याला ‘हरवलेली ऊर्जा’ म्हणतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत 1983 साली डब्ल्यू नावाचा कण याच रीतीने हाती आला. एक इलेक्ट्रॉन दिसत होता आणि समोरच्या बाजूला न दिसणाऱ्या न्यूट्रिनोची जागा रिकामी होती. त्याबद्दल कार्लो रुबिया आणि सायमन व्हॅन डर मीर यांना 1984 चे नोबेल मिळाले.

त्याच 1984 साली त्याच यूए-1 प्रयोगाने आणखी काही नोंदी पुढे ठेवल्या. एका बाजूला कणांचा एकच झोत आणि दुसऱ्या बाजूला मोठी हरवलेली ऊर्जा. अनोळखी वीट मिळाली, असे अनेकांना वाटले. पण शांतपणे हिशेब केल्यावर कळले की ओळखीच्या पाच-सहा प्रक्रिया थोड्या थोड्या मिसळल्या की असेच चित्र तयार होते. चोर एकटा नव्हता, घरातल्याच चार जणांनी थोडे थोडे उचलले होते. या प्रसंगाने एक धडा कायमचा दिला: नवे सापडले म्हणण्याआधी जुन्याची पूर्ण झडती घ्या.

झडती घेण्याच्या या विद्येत मुंबईने मोलाची भर घातली. पुण्यात 1952 साली जन्मलेल्या रोहिणी गोडबोले तेव्हा मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या. 1983 साली त्यांनी टीआयएफआरचे डी. पी. रॉय आणि हवाई विद्यापीठातले संदीप पाकवासा यांच्याबरोबर एक निबंध लिहिला. प्रश्न होता टॉप क्वार्क ओळखायचा कसा. तो तेव्हा सापडलेला नव्हता. त्यांचे उत्तर साधे होते. हलका क्वार्क फुटला तर त्यातून निघणारा इलेक्ट्रॉन इतर कणांच्या घोळक्यातच राहतो. टॉपसारखा जड क्वार्क फुटला तर इलेक्ट्रॉन जोराने घोळक्याबाहेर फेकला जातो आणि एकटा चालतो. तेव्हा दिंडीतला माणूस सोडा, रानातून एकटा चाललेला पाहा. घोळक्यातली बहुतेक गर्दी या एका युक्तीने बाजूला पडते. 1995 साली फर्मिलॅबच्या टेव्हाट्रॉन यंत्रावर सीडीएफ आणि डी-झीरो या दोन प्रयोगांनी टॉप क्वार्क शोधला, प्रोटॉनच्या सुमारे 180 पट जड. एकट्या कणाची खूण त्या शोधात कामी आली, आणि डी-झीरोच्या गटात टीआयएफआरची माणसेही होती.

आता सर्नच्या मोठ्या यंत्राकडे, म्हणजे लार्ज हेड्रॉन कोलायडरकडे येऊ. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेखाली, जमिनीत सुमारे 100 मीटर खोल, 27 किलोमीटर घेराचे वर्तुळ. त्यात प्रोटॉन पहिल्यांदा फिरले सप्टेंबर 2008 मध्ये, आणि मोठ्या ऊर्जेच्या टकरी मार्च 2010 पासून सुरू झाल्या. या वर्तुळावरच्या सीएमएस नावाच्या प्रयोगात भारतीय संस्था भागीदार आहेत. हा प्रयोग म्हणजे एक सहकारी संस्थाच. आपल्या तालुक्यातल्या प्रवरानगरला शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून कारखाना उभा केला, तसे इथे पन्नासाहून अधिक देशांच्या विद्यापीठांनी आपापला वाटा आणून सुमारे 14000 टनांचे उपकरण उभे केले.

आपला वाटा काय होता? तो ऐकण्यासारखा आहे. सीएमएसच्या मध्यभागी एक प्रचंड अतिवाहक चुंबक आहे. कणांची ऊर्जा मोजणारी उपकरणे त्या चुंबकाच्या आत बसवलेली आहेत. पण आतली जागा अपुरी. फार जोराचे कण तिथे पूर्ण थांबत नाहीत आणि उरलेली ऊर्जा घेऊन बाहेर निसटतात. अशी गळती मोजली गेली नाही तर तीच ‘हरवलेली ऊर्जा’ भासेल आणि नसलेला कण सापडल्याचा भास होईल. म्हणून चुंबकाच्या बाहेर आणखी एक थर हवा होता, आतून निसटलेले शेवटचे थेंब टिपणारा. तो थर टीआयएफआरने पुढाकार घेऊन, चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाच्या साथीने तयार केला. कण गेला की मिणमिणणाऱ्या खास प्लॅस्टिकच्या फरशा, त्यांच्या खोबणीत बसवलेले प्रकाश वाहणारे बारीक धागे, आणि अशा फरशांचे चारशेहून अधिक ट्रे. चुंबकाबाहेरच्या क्षेत्रात प्रकाश टिपणारे पहिले साधन नीट चालेना, तेव्हा 2013-14 च्या बंद काळात ते बदलून सिलिकॉनचे नवे साधन बसवले गेले.

मित्रहो, या कामाचा अर्थ ध्यानात घ्या. जगातल्या सर्वांत मोठ्या यंत्रात आपल्याकडे आलेले काम कण पकडण्यापेक्षाही खोटा कण टाळण्याचे होते. हरवले आहे असे वाटते ते खरोखरच हरवले आहे की आपल्याच घराच्या कौलातून गळले आहे, हे पाहण्याचे. काम दुय्यम वाटेल, पण त्याच्याशिवाय कुठल्याही शोधावर विश्वास ठेवता येत नाही.

शोधातली दुसरी अडचण गर्दीची. या यंत्रात प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला 4 कोटी वेळा एकमेकांना छेदतात. सगळे साठवणे अशक्य. त्यातले हजारभर प्रसंग ठेवून बाकीचे तिथल्या तिथे सोडून द्यावे लागतात. राहात्याच्या पेरूच्या बागेत फळांची प्रतवारी करणाऱ्या बायकांचे हात पाहिले तर याची कल्पना येईल. नजर पडताच निर्णय, आणि टाकलेले फळ पुन्हा हाती घ्यायला वेळ नाही. म्हणून काय ठेवायचे याचे नियम आधीच फार काळजीने ठरवतात. नियमांत न बसणारा कण आला तर तो निसटून जाईल, ही धास्ती तिथे कायम असते.

तिसरी अडचण साक्षीची. रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाला संध्याकाळी आमच्याकडे सगळ्यांची नजर पश्चिमेला लागते. मुलांना तर दर ढगाच्या कडेत चंद्रकोर दिसते. पण ईद मुलांच्या ओरडण्यावर ठरत नाही. भरवशाची साक्ष यावी लागते. साक्ष आली नाही तर तीस रोजे पुरे करायचे. कोर न दिसणे हाही निर्णयच असतो आणि दुसऱ्या दिवसाचा रोजा त्यावर ठरतो. कणांच्या शास्त्रातही साक्षीचा असाच दंडक आहे. दिसलेली खूण निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता सुमारे 35 लाखांत एक इतकी कमी झाल्याशिवाय ‘सापडला’ असा शब्द वापरत नाहीत. 4 जुलै 2012 रोजी हिग्ज कणाची घोषणा झाली ती हा दंडक पाळून, आणि दोन स्वतंत्र प्रयोगांच्या साक्षीने. उलट डिसेंबर 2015 मध्ये त्याच दोन प्रयोगांना प्रोटॉनच्या सुमारे 800 पट जड अशा कणाची पुसट खूण दिसली. दंडक पूर्ण झाला नव्हता, तरी जगभर शेकडो निबंध लिहून झाले. ऑगस्ट 2016 पर्यंत अधिक नोंदी जमल्या आणि खूण विरून गेली. ढगाची कडच होती.

विटा ओळखीच्या पण घर वेगळे, या पहिल्या प्रकारात मात्र यश आले आहे. 2003 साली जपानच्या बेल प्रयोगात प्रोटॉनच्या सुमारे चौपट जड असा एक कण मिळाला. त्याचे वागणे नेहमीच्या मेसॉनसारखे नव्हते. त्याला नाव दिले एक्स 3872. तो चार क्वार्कांचा असावा असे मानतात, मात्र ते आत कसे बांधले आहेत याबद्दल मतभेद आहेत. 2015 साली सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने पाच क्वार्कांचे कण दाखवून दिले. फेब्रुवारी 2016 मध्ये डी-झीरोने चार वेगवेगळ्या जातींच्या क्वार्कांचा एक कण जाहीर केला, एक्स 5568. एलएचसीबीने काही आठवड्यांतच सांगितले, आम्हाला दिसत नाही. नंतर सीएमएसनेही 2018 साली तेच सांगितले. डी-झीरो आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांत टीआयएफआरची माणसे होती. म्हणजे एकाच संस्थेची नावे दाव्याखालीही आहेत आणि न दिसल्याच्या साक्षीखालीही. मला यात या शास्त्राचे मोठेपण वाटते. आपल्या गावात, आपल्या जातीत, आपल्या पक्षात असे किती वेळा घडते?

राहिली अनोळखी वीट. तिच्या शोधात सर्वांत मोठी आशा होती ती सुपरसिमेट्री नावाच्या कल्पनेची. प्रत्येक ओळखीच्या कणाला एक जड जोडीदार असावा, आणि त्यांतला सर्वांत हलका जोडीदार म्हणजेच कदाचित विश्वातले कृष्णद्रव्य, अशी ही सुंदर कल्पना. रोहिणी गोडबोले यांनी मॅन्युएल ड्रीस आणि प्रोबीर रॉय यांच्यासह या कणांवर लिहिलेला मोठा ग्रंथ 2004 साली आला. हे कण कोलायडरमध्ये कोणत्या खुणा सोडतील, याचा त्यात तपशील आहे. त्याआधी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि ड्रीस यांनी एक सावधगिरीची सूचनाही दिली होती. पुढच्या काळातल्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रांत कणांचे पुंजके फार दाट केले तर त्यांतून निघणारा प्रकाशच एकमेकांवर आदळून साध्या कणांचा गाळ तयार करील आणि त्या गाळात नवा कण हरवेल, असे त्यांचे म्हणणे होते. नव्या यंत्रांचे आराखडे करणाऱ्यांना तेव्हापासून हा हिशेब धरावा लागतो.

सुपरसिमेट्रीचे कण सापडले नाहीत. लार्ज हेड्रॉन कोलायडरवर झालेल्या शोधांतून एवढे कळले की त्यांतले काही असलेच तर, काही गृहीतके धरून, प्रोटॉनच्या सुमारे 2000 पटींहून जड असले पाहिजेत. 25 ऑक्टोबर 2024 रोजी गोडबोलेबाई गेल्या, तेव्हाही ती जागा रिकामीच होती. 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली होती. भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या आयुष्यांवरचे ‘लीलावतीज डॉटर्स’ हे 2008 चे पुस्तक त्यांनी राम रामस्वामी यांच्यासह संपादित केले होते. तोही एक शोधच होता, इतिहासाच्या हिशेबातून गळालेल्या माणसांचा.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारलेच पाहिजे, की जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते अशा देशाने न सापडणाऱ्या कणांवर पैसा का घालावा? उत्तरादाखल या संशोधनातून निघालेल्या वस्तूंची यादी देता येईल. वर्ल्ड वाइड वेब सर्नमध्येच 1989 साली सुचले. पण मला ते उत्तर अर्धे वाटते. या शोधाने समाजाला दिलेली मोठी गोष्ट म्हणजे एक सवय. हजारो माणसे, अनेक देशांची, अनेक धर्मांची, एका प्रश्नावर वीस-तीस वर्षे काम करतात आणि शेवटी ‘इथे काही नाही’ असे सही करून सांगतात. कुणी त्यांना पराभूत म्हणत नाही, कारण त्यांनी पुढच्या माणसाची वाट मोकळी केलेली असते. विहीर खणताना कुठे पाणी लागले नाही हे लिहून ठेवले असते, तर आपल्या कितीतरी गावांचे कर्ज वाचले असते.

आणि ही वही बंद ठेवलेली नाही. 2014 पासून सीएमएसच्या नोंदी टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुल्या केल्या जात आहेत. संगणक आणि चिकाटी असेल तर आपल्या तालुक्यातल्या कॉलेजची मुलगीही त्या टकरी उघडून पाहू शकते आणि बेरीज शून्य येते का ते तपासू शकते. तिला नवा कण सापडेलच असे नाही. हिशेब बरोबर आहे एवढे तिने स्वतः पडताळून पाहिले, तरी या इतिहासात तिची एक ओळ आली.